खेळातील नियम व निर्बंध

मर्यादा हा शब्द आपल्या भाषेत दोन अगदी निराळ्या अर्थांनी वावरतो, आणि त्या दोहोंची गल्लत झाल्यामुळे आपल्या नैतिक विचारात पुष्कळ घोटाळा माजलेला आहे. समुद्र मर्यादा सोडीत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा मर्यादा हे सामर्थ्याचेच लक्षण असते. घरातील सुनेने मर्यादेने वागावे असे म्हणतो, तेव्हा तोच शब्द दुसऱ्याच्या सामर्थ्याभोवती घातलेले कुंपण होतो. आता, बाहेरून घातलेली प्रत्येक मर्यादा अनिष्टच असते असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. रांगते मूल उंबऱ्याकडे निघाले की आई दारात आडवा पाट ठेवते. त्यात कोणी जुलूम पाहणार नाही. मग दुसऱ्याच्या हितासाठी त्याच्यावर घातलेली मर्यादा कोठपर्यंत न्याय्य असते, आणि कोणत्या घटकेपासून ती अन्याय होऊ लागते? हा प्रश्न आज येथे विचारार्थ घेण्याचा आमचा हेतू आहे.

त्यासाठी जे उदाहरण आम्ही निवडले आहे ते तत्त्वचर्चेच्या मानाने काहींस हलके वाटण्याचा संभव आहे. ते म्हणजे विद्यापीठांतील स्त्रियांच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास. परंतु समाजातील बहुतेक मर्यादा अदृश्य असतात, म्हणून त्यांविषयी वाद घालणे कठीण जाते. ह्या खेळाच्या इतिहासात मात्र स्त्रीची मर्यादा खरोखरीच जमिनीवर रेघ ओढून आखलेली होती. ती कोणी ओढली, कोणत्या दिवशी, कशासाठी, आणि ती पुसण्यास किती वर्षे लागली, हे सर्व आपणांस ठाऊक आहे. नीतिशास्त्राच्या अभ्यासकास इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच लाभते.

प्रथम मूळ खेळ पाहू. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात, स्प्रिंगफील्ड गावच्या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेतील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून हा खेळ रचला. सज्जाच्या कठड्यास पीच फळांच्या दोन टोपल्या अडकविल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि अठरा विद्यार्थी नऊ-नऊंच्या दोन बाजू करून खेळू लागले. त्या तेरा नियमांत सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, चेंडू हातात धरून धावता येणार नाही. म्हणजे हा खेळ मर्यादेतूनच जन्मास आला. चेंडू घेऊन धावण्याची मुभा असती, तर सर्वांत दांडगा मनुष्य तो बगलेत मारून पळत सुटला असता, आणि इतर त्याच्या अंगावर कोसळले असते. धावण्यास बंदी झाली म्हणून चेंडू दुसऱ्यास देणे आले. देणे आले म्हणून सोबत्याकडे पाहणे आले. आणि सोबत्याकडे पाहणे आले तेव्हा जमावाचा संघ झाला. अशा मर्यादेस आम्ही ‘नियम’ म्हणतो. नियम हा दोन्ही बाजूंस सारखा लागू असतो, तो कृतीविषयी असतो, आणि त्याच्यावाचून खेळच उरत नाही.

हा खेळ निघाल्यास पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तोच स्प्रिंगफील्डजवळच्या नॉर्दम्प्टन येथील स्मिथ कॉलेज ह्या स्त्रियांच्या महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन ह्या नव्या व्यायामशिक्षिका रुजू झाल्या होत्या. ह्या बाईंचे चरित्र ध्यानात घेण्याजोगे आहे. लिथुएनियात १८६८ साली जन्मलेली, लहानपणी बॉस्टनला आलेली ही मुलगी प्रकृतीने अशक्त होती. आणि प्रकृती सुधारावी म्हणूनच ती व्यायामशिक्षणाच्या शाळेत गेली. दुर्बळ देह म्हणजे काय आणि तो बळकट होणे म्हणजे काय, हे दोन्ही तिने स्वतः अनुभवले होते. तिने १८९२ साली हा खेळ आपल्या विद्यार्थिनींत आणला. मार्च १८९३ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना ठरला. पुरुषांस प्रवेश नव्हता. पहिलाच चेंडू वर फेकला गेला तेव्हा एका मुलीच्या हाताला धक्का लागून तिचा खांदा निखळला. तिला आत नेले, तिच्या जागी दुसरी उभी राहिली, आणि खेळ पुढे चालू झाला.

तथापि खेळ चालू राहावा एवढ्यासाठी बेरेन्सनबाईंनी त्यात फेरफार केले होते. मैदानाचे आडव्या रेघांनी तीन भाग पाडले, आणि प्रत्येक मुलीने आपल्याच भागात राहावे, रेघ ओलांडू नये, असे ठरविले. प्रतिपक्षाच्या हातातील चेंडू हिसकावून घेणे वर्ज्य केले. चेंडू तीन सेकंदांहून अधिक धरू नये आणि तीनहून अधिक वेळा आपटू नये, असेही ठरले. हे नियम १९०१ साली पुस्तकरूपाने छापले गेले, आणि बहुतेक स्त्रीमहाविद्यालयांत रूढ झाले.

ह्या बाईंस आज दोष देणे फार सोपे आहे. परंतु त्या काळची हवा काय होती? बॉस्टनच्याच डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ साली एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले होते की, मुलांच्या बरोबरीने विद्याभ्यास केल्यास मुलींची प्रजननशक्ती क्षीण होते. जेथे पुस्तक वाचण्याने मुलगी खालावते असे विद्वान वैद्य सांगत होते, तेथे तिने घामाघूम होऊन धावावे असे म्हणणाऱ्या शिक्षिकेची अवस्था काय झाली असती? पूर्ण मैदान मागितले असते, तर तिला एक हातभर जागाही मिळाली नसती. रेघ ओढली म्हणून खेळ मिळाला. आपल्याकडेही ह्यासारखा एक मोठा प्रयोग झालेला आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम ही त्याची अंगे होती. मुलींस निराळे का शिकवावे, असा आक्षेप तेव्हा सुधारकांतूनच निघाला, आणि तो गैर नव्हता. पण ज्या घरांनी आपल्या मुलीस दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठात धाडले नसते, त्यांतील काही घरांचे दार ह्या निराळेपणामुळे उघडले, हेही तितकेच खरे. असे कित्येक दरवाजे असतात की जे अर्धेच उघडा म्हटल्यावाचून मुळीच उघडत नाहीत.

मग रेघेत वाईट काय? वाईट हे की, ज्या कारणासाठी ती ओढली ते कारण नाहीसे झाले तरी रेघ राहते. इतकेच नव्हे, तर ती स्वतःच आपल्या समर्थनाचा पुरावा निर्माण करू लागते. मैदानाच्या एका तृतीयांशात वाढलेली मुलगी संपूर्ण मैदान धावू शकत नाही, कारण तिला कोणी तसे धावू दिलेले नसते. मग पंडित येऊन सांगतात की, पाहा, तिला धावता येत नाही, म्हणून रेघ योग्यच आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या पाखराच्या पंखांवरून पाखरांच्या जातीस उडता येत नाही असा सिद्धान्त करावा, तशातला हा प्रकार होय. तीनाचे दोन भाग होण्यास १९३८ साल उजाडावे लागले. आणि पाच-पाच मुलींनी संपूर्ण मैदानभर खेळण्याचा नियम अमेरिकन महाविद्यालयांत रूढ झाला तो १९७१ साली. बेरेन्सनबाई १९५४ साली वारल्या. त्यांनी तात्पुरती म्हणून मानलेली असो वा कायमची, ती रेघ त्यांच्यामागे सतरा वर्षे जिवंत राहिली.

ह्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मक्याची शेती करणाऱ्या आयोवा संस्थानात सहा-सहा मुलींचा हा अर्ध्या मैदानाचा खेळ शाळांतून १९९३ पर्यंत चालला, आणि तेथील खेड्यापाड्यांतील लोकांनी त्याच्यावर अलोट प्रेम केले. शेतकऱ्यांच्या मुलींचे सामने पाहण्यास गावेच्या गावे लोटत असत. हा खेळ बंद झाला तेव्हा तो खेळलेल्या कित्येक बायांस खरोखरीच दुःख झाले. ह्यावरून कोणी म्हणेल की, मर्यादेतही मुली सुखी होत्या. होत्याच. माणूस मिळालेल्या जागेत आनंद उभा करतो, ही त्याची थोरवी आहे. ती जागा तेवढीच असावी, ह्याचे ते समर्थन मात्र होत नाही.

आता ह्या इतिहासातील दुसरा प्रसंग पाहू. ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ह्या दोन विद्यापीठांच्या स्त्रीसंघांचा सामना सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. दोन विद्यापीठांतील स्त्रियांचा हा पहिला बास्केटबॉलचा सामना समजला जातो. स्टॅनफर्डने तो दोन विरुद्ध एक अशा गुणांनी जिंकला. प्रेक्षागृह भरलेले होते, पण त्यात सर्व स्त्रियाच होत्या. पुरुषांस येथेही मज्जाव होता. महाराष्ट्रीय वाचकास हे ऐकून आपल्या मंगळागौरीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. श्रावणातल्या त्या रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा असे दमछाक करणारे खेळ आपल्या बायका पहाटेपर्यंत खेळत आल्या, आणि कोणत्याही शास्त्रीबोवांस वा वैद्यबोवांस त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली नाही. कारण तेथे पुरुष नसत. म्हणजे आक्षेप स्त्रीच्या धावण्यास कधीच नव्हता. तिने कोणाच्या देखत धावावे, ह्यास होता.

येथे एक भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. बेरेन्सनबाईंनी दोन मर्यादा घातल्या होत्या: मैदानावर रेघ आणि दारावर बंदी. पहिली खेळणाऱ्या मुलीवर होती, दुसरी पाहणाऱ्या पुरुषावर. पुरुषाच्या नजरेने मुली संकोचत असतील, तर पुरुषाने बाहेर राहावे, ह्यात ज्याच्यामुळे अडचण होते त्याच्यावरच तिचा भार टाकला होता. मुलींनी कमी धावावे, ह्यात अडचण सोसणाऱ्याच्याच माथी भार मारला होता. आमच्या मते ह्या दोहोंतील पहिल्याहून दुसरी अधिक न्याय्य होती. इतिहास मात्र उलटा झाला. प्रेक्षकांवरील बंदी लवकर उठली, रेघ राहिली. स्टॅनफर्डच्या अधिकाऱ्यांनी तर त्या विजयानंतर तिसऱ्याच वर्षी, १८९९ साली, स्त्रियांच्या आंतरविद्यापीठ सामन्यांस मनाई केली. कारण दिले ते मुलींच्या प्रकृतीचे आणि त्यांच्या नावाच्या गवगव्याचे. त्याच विद्यापीठाच्या स्त्रीसंघाने पुढे १९९०, १९९२ आणि २०२१ ह्या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, ही गोष्ट त्या मनाईवरील पुरेसे भाष्य आहे.

दूरदेशीची ही कथा आमच्या नगर जिल्ह्यास परकी नाही. ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये हा खेळ निघाला, तेथूनच चालविल्या जाणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे अहमदनगरास १८३१ साली पडले होते. आणि त्याच मिशनच्या सिंथिया फरार यांच्या नगरातील मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांस पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण नगरास फरारबाईंच्या हाताखाली घेतले. पुढे त्याच मिशनच्या परंपरेत वाढलेल्या डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज स्थापिले. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि नगर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. त्या विद्यापीठास २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव मिळाले. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचा जन्म ह्याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी येथे झाला होता. म्हणजे आज ह्या जिल्ह्यातली जी मुलगी विद्यापीठाच्या संघात खेळेल, तिच्या जिल्ह्यास एका स्त्रीचे नाव आहे आणि तिच्या विद्यापीठासही एका स्त्रीचे.

तो संघ निवडला कसा जातो? पुणे, अहिल्यानगर व नाशिक ह्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे संघ प्रथम आपापल्या विभागात खेळतात; त्यांतून विभागाचे संघ होतात; विभागांच्या सामन्यांतून विद्यापीठाच्या बारा मुली निवडल्या जातात, आणि त्या पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातात. जमिनीवर आता मुलींसाठी निराळी रेघ नाही. मैदान अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद, जसे मुलांस तसेच मुलींस. कडे जमिनीपासून दहा फूट उंच, दोघांसही सारखेच. फरक आहे तो चेंडूत: पुरुषांचा सात क्रमांकाचा, स्त्रियांचा थोडा लहान व हलका, सहा क्रमांकाचा. कोणी विचारील की, हा निर्बंध नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. लहान चेंडू लहान पंजात नीट बसतो, त्यामुळे फेक लांब जाते आणि खेळ वेगवान होतो. तो मुलीची शक्ती वाढवितो. रेघ ती कमी करीत होती. निराळेपणा म्हणजेच अन्याय, असे समीकरण मांडता येत नाही. निराळेपणाने पल्ला वाढतो की घटतो, हे पाहावे लागते.

परंतु जमिनीवरची रेघ पुसली म्हणजे रेघ पुसली असे नव्हे. ती मैदानाबाहेर गेली. पाथर्डी, शेवगाव, कर्जत वा जामखेड तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयात शिकणारी मुलगी घ्या. सराव व्हावयाचा तो तास सुटल्यावर, म्हणजे सायंकाळी. आणि गावची एस. टी. तर त्याच वेळी सुटते. तिने थांबावे कसे? घरची माणसे ऊसतोडीस बाहेर पडली असतील, तर धाकट्या भावंडांचा स्वयंपाक तिच्याकडे असतो. विसाव्या वर्षी स्थळे येऊ लागतात, आणि पाहुण्यांपुढे गुडघ्याच्या खरचटण्याचा खुलासा करावा लागतो. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नाही. म्हणूनच ती पुसणे अवघड.

ह्यावर असे उत्तर येते की, ही परिस्थिती आहे, हा निर्बंध नव्हे. गाडी वेळेवर सुटते ह्यात अन्याय कोणाचा? हे उत्तर तपासण्यास एक सोपी कसोटी आहे. त्याच गावचा, त्याच घरचा मुलगा सरावास थांबला आणि त्याची गाडी चुकली, तर काय होते? तो मित्राच्या खोलीवर राहतो, किंवा कोणाच्या दुचाकीवर बसून रात्री नऊ वाजता घरी पोचतो, आणि आई त्याला ताट वाढते. गाडी दोघांचीही चुकली. थांबली ती एकटी मुलगी. जी अडचण भावास अडवीत नाही आणि बहिणीस अडविते, ती परिस्थितीचा वेष घेतलेला निर्बंधच होय.

आईबापांची भीती मात्र खोटी नव्हे, आणि तिची थट्टा करणारे लोक बहुधा स्वतः कधी अंधारात एकट्या वाटेने चाललेले नसतात. रात्रीचा रस्ता मुलीस सुरक्षित नाही, हे दुर्दैवाने खरे आहे. पण ह्या सत्यावरून काय निष्पन्न होते? धोका रस्त्यात आहे आणि आपण कोंडतो मुलीस. आमची सूचना अगदी साधी आहे: सरावाची वेळ पहाटेची किंवा दुपारची करावी, मुलींस पोचविण्याची सोय महाविद्यालयाने करावी, सोबत शिक्षिका असावी. ह्यात खर्च आहे, हे आम्ही जाणतो. परंतु आजही खर्च होतच आहे. तो मुली आपल्या संधीने भरीत आहेत, आणि कोणाच्याही हिशेबवहीत तो दिसत नाही, इतकेच.

येथे आणखी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. १९२३ साली अमेरिकेत व्यायामशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनीच लू हेन्री हूवर यांच्या पुढाकाराने एक संघटना उभारून विद्यापीठांच्या स्त्रीसंघांतील चुरशीच्या सामन्यांस विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, निवडक मुली खेळतात आणि बाकीच्या टाळ्या वाजवितात, ह्यापेक्षा प्रत्येक मुलीने थोडे खेळावे हे बरे. ह्या विचारात तथ्य आहे. आणि आपल्याकडे तर बारा मुलींच्या संघाचे छायाचित्र वार्षिक अंकात छापून हजारो मुलींच्या व्यायामाविषयी निश्चिंत होण्याची चाल पडलेली आहे. परंतु त्या विदुषींच्या हातून एक गोष्ट सुटली. बारा जणींस खेळू न दिल्याने हजारजणी खेळू लागत नाहीत. उलट, कोणी तरी आपल्यासारखीच मुलगी पूर्ण मैदान धावताना दिसली, म्हणजे बाकीच्यांस आपल्या पायांची आठवण होते. बंगळूरला २०१७ साली भारतीय स्त्रीसंघाने कझाकस्तानचा ७५ विरुद्ध ७३ असा पराभव करून आशिया चषकाच्या वरच्या गटात प्रवेश मिळविला. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. ती जिंकली म्हणून नगरच्या खेड्यातील मुलीचे काय झाले, असे विचारणाऱ्यास आम्ही एवढेच सांगू की, बापाशी वाद घालताना तिला एक नाव मिळाले.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. दुसऱ्याच्या हितासाठी घातलेल्या मर्यादेस तीन प्रश्न विचारावेत. ती कृतीस बांधते की व्यक्तीस? चेंडू घेऊन धावू नकोस, ही कृतीची मर्यादा. तू मुलगी आहेस म्हणून धावू नकोस, ही व्यक्तीची. तिचा भार धोका उत्पन्न करणाऱ्यावर पडतो की धोका सोसणाऱ्यावर? आणि तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: जिच्यावर ती मर्यादा घातली, तिने ‘आता पुरे’ म्हटले, तर तिचे ऐकून घेण्यास कोणी बसलेले आहे काय? दारातला आईचा पाट न्याय्य ठरतो तो आईचे प्रेम मोठे म्हणून नव्हे. मूल चालू लागले, की तो पाट ती स्वतःच उचलून भिंतीशी ठेवते, म्हणून तो न्याय्य. प्रेमाने घातलेल्या मर्यादाही कालांतराने अन्याय होतात, आणि त्या अन्यायाविरुद्ध बोलणे अधिक जड जाते, कारण बोलणारी कृतघ्न ठरते.

जमिनीवरील रेघ पुसण्यास विद्वानांस जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. गाडीच्या वेळेची, स्वयंपाकाची आणि पाहुण्यांच्या नजरेची रेघ पुसण्यास तितकी वर्षे लागू नयेत, असे ज्यांस वाटते त्यांनी सावित्रीबाईंच्या नावाचा जयघोष थोडा कमी करून आपल्या महाविद्यालयातील सरावाच्या वेळापत्रकाकडे एकदा पाहावे.